माईकला मन नसतं

प्रश्न असा आलाय: घरी भजन, ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत, पैसे बेताचे आहेत, तर माईक कोणता घ्यावा?

आधी ऐकणं म्हणजे काय ते पाहू. कान एकटा ऐकत नाही, मन निवड करतं. कसाऱ्यात घाट चढणाऱ्या गाडीला बँकर इंजिन लागतं, त्याचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस, हे सगळं वगळून आपण गाणं तेवढं ऐकतो. माईकला मन नसतं. तो सगळंच घेतो.

आता दोन जाती. कंडेन्सर माईक बारीक हरकतही टिपतो, पण खोलीचा घुमाराही टिपतो. शिवाय बहुतेकांना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. डायनॅमिक दणकट, कमी संवेदनशील. १९६६ साली आलेला शुअरचा एसएम५८ याच जातीचा. त्याच तत्त्वावरचे स्वस्त माईकही मिळतात. शांत, बंद खोली असेल तर कंडेन्सर. रुळालगतचं, पत्र्याचं घर असेल तर डायनॅमिक. कार्डिऑइड घ्या, म्हणजे मागचा आवाज कमी येईल. गोंगाटाची खिडकी त्याच्या पाठीकडे ठेवा.

आणि फुकटचा उपाय ऐका. अंतर निम्मं केलं की गळ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो. वीतभर अंतर पुरे. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो. भिंतीवर गोधडी टांगा.

पण आजीच्या ओव्या असतील, तर पैसे साठेपर्यंत थांबू नका. आजच मोबाईलवर घ्या. माईक पुढच्या वर्षीही मिळेल.