नाव नंतर, भोकं आधी

जुन्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड हातात आलं की नवखा माणूस आधी त्यावरचं नाव वाचतो. मुरलेला माणूस ते पालथं घालतो आणि भोकं मोजायला लागतो. एकवीस की चोवीस, एवढ्यावर निम्मा निकाल लागतो.

इंजिन म्हणजे फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८. ते १९३२ साली आलं: २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती, आणि तेही सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत. अमेरिकेत १९५३ पर्यंत ते फोर्ड गाड्यांत बसत राहिलं. आपल्याकडे या जातीला साइड व्हॉल्व्ह म्हणतात. १९५७ ची पहिली ॲम्बेसडरही साइड व्हॉल्व्हच होती. यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात. हेडात हलणारं काही नाही, ते नुसतं झाकण. आणि झाकण काय, कुणीही बदलू शकतो.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तेच केलं. म्युरॉक, एल मिराज या कोरड्या तळ्यांवर ती जुन्या फोर्ड उघड्याबोडक्या करून पळवायची. जास्त दाबासाठी कुणी हेड ओतलं, जास्त हवा-पेट्रोलसाठी कुणी मॅनिफोल्ड. लॉस एंजेलिसमध्ये गॅरेज चालवणाऱ्या विक एडेलब्रॉकने १९३८ साली दोन कार्बोरेटरांचा मॅनिफोल्ड काढला. त्याचं नाव स्लिंगशॉट, म्हणजे आपली बेचकी. युद्धानंतर तर पीकच आलं: ऑफेनहाउझर, वायअँड, नवारो, शार्प, एव्हन्स. बरेचसे व्यवसाय छोटे. लाकडी नमुना करायचा, वाळूच्या साच्यात ओतून घ्यायचं, भोकं पाडून विकायचं. नोंदवह्या ठेवायला वेळ कुणाला होता! त्यामुळे आज वस्तूलाच बोलतं करावं लागतं.

भोकं मोजली की पाण्याची वाट बघायची. १९३६ पर्यंतच्या हेडांच्या पुढच्या टोकाला वॉटर पंप बसायचा. १९३७ मध्ये पंप ब्लॉकवर गेला आणि पाणी बाहेर पडायचं तोंड हेडाच्या मध्यावर आलं. पुढे हेड ब्लॉकला आवळणारे स्टड एकवीसचे चोवीस झाले, आणि १९४९ पासून ते तोंड पुन्हा पुढच्या टोकाला सरकलं. सतरा भोकं निघाली तर तो माल व्ही-८ ६० या धाकट्या इंजिनाचा, १३६ घनइंचाचा. मोठ्या इंजिनासाठी घ्यायला गेलेल्याच्या तो सहज गळ्यात पडतो. कार्बोरेटरचंही तसंच. स्ट्रॉमबर्ग ९७ च्या अंगावर तो आकडा ठळक उठवलेला असतो, ०.९७ इंच हे त्याच्या गळ्याचं माप. ८१ हा त्याचा सख्खा भाऊ, तोंडवळा तोच, पण गळा बारीक.

खरी मजा नकलांमध्ये आहे. नक्कल करणारा अस्सल नगच नमुना म्हणून वाळूत दाबतो. पण ओतलेलं ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण चार मिलिमीटर. मूळ कारागीर हा घाटा धरूनच लाकडी नमुना थोडा मोठा करतो. नकलेत तो धरलेला नसतो, म्हणून सगळा तुकडा किंचित खुजा निघतो. भोकं मात्र ब्लॉकवरच्या स्टडांशी जुळलीच पाहिजेत, म्हणून ती बरोबर जागी पाडलेली असतात. परिणाम टोकाच्या भोकांपाशी दिसतो: भोवतीचं ओतीव कडं आतल्या बाजूला जाड, बाहेरच्या बाजूला पातळ. वरचं नाव कितीही झळको, ही लबाडी पॉलिशने झाकत नाही. अक्षरांच्या कडाही साबणाच्या झिजलेल्या वडीसारख्या गोल होतात.

एक दुर्मीळ घराणं आर्डनचं. फ्लॅटहेडचा जुना आजार म्हणजे तापणं. जळका धूर ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडतो, त्यात मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट, त्यामुळे भोवतीचं पाणी उकळायला लागतं. झोरा आर्कस-डंटोव्हने १९४७ च्या सुमारास व्हॉल्व्ह वर नेणारी अर्धगोल पोकळीची हेडं काढली. आर्कसमधला आर, डंटोव्हमधला डन, म्हणून आर्डन. काढली होती ट्रकांसाठी, उचलली शर्यतवाल्यांनी. पुढे हाच गृहस्थ शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटमुळे गाजला. आर्डन लांबूनच ओळखू येतं. त्याला झाकण म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

बाकीच्यांच्या बाबतीत मी स्वतः कुरूप नगाला झुकतं माप देईन. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि मधे पाणी असं वर्षानुवर्षं राहिलं की पाण्याच्या वाटांच्या कडा वाळवी लागल्यासारख्या खाल्ल्या जातात. ते वय सहजी खोटं आणता येत नाही. पण वय पटलं म्हणून हेड कामाचं ठरतं असं नाही. दाब वाढवायला कुणी ते दोन-तीनदा तासलेलं असतं, मग व्हॉल्व्हला उठायला जागा उरत नाही. म्हणून शेवटी प्लॅस्टिसिनचा गोळा पोकळीत दाबायचा, हेड ब्लॉकवर बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, आणि हेड उचलून गोळा किती चेपला ते बघायचं.