जखमी फिंच: पहिले काही तास

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी, वजन जेमतेम 12 ते 15 ग्रॅम. अंगात रक्त असते दीड मिलिलिटरच्या आसपास. त्यामुळे चार-पाच थेंब गेले तरी ते गंभीरच समजावे. नख तुटले असेल तर त्यावर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. उघड्या जखमेवर मात्र ते टाकू नका, स्वच्छ गॉज हलकेच धरा.

पक्षी हातात घेताना छाती आवळू नये. पक्ष्यांना श्वासपटल नसते. छातीचे हाड हलले तरच श्वास चालतो. घट्ट मुठीत तो गुदमरून मरतो, आणि हे फार सहज घडते.

जखमीला मोठ्या पिंजऱ्यात ठेवू नका. रक्त दिसले की इतर पक्षी तिथेच टोचतात. वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात कागद अंथरा, दांडी अगदी खाली लावा, राळे आणि पाणी तळाशीच ठेवा. एका बाजूला बाहेरून ऊब द्या, साधारण 30 अंश. दुसरी बाजू गार राहू द्या, म्हणजे नकोसे झाले की त्याला सरकता येईल. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. माणसांची वेदनाशामके तर नकोतच. जोडीदाराचा आवाज कानी पडेल अशी जागा निवडा. हे थव्याने राहणारे पक्षी आहेत.

फिंच आजार लपवतो. पिसे फुगवून तळाशी बसला, शेपटी श्वासागणिक हलू लागली, तर सकाळची वाट न पाहता पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.