म्हैसाळचा ओढा आणि सीमेची सोय

मंडळी, सीमेवरच्या शहरातली गुन्हेगारी म्हटलं की जगभर पहिलं नाव निघतं ते मेक्सिकोतल्या स्यूदाद ह्वारेसचं. नदीपलीकडे अमेरिकेतलं एल पासो, अलीकडे ह्वारेस. १९९३ पासून तिथे शेकडो बायका-मुली मारल्या गेल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये तिथल्या एका कपाशीच्या शेतात आठ जणींचे मृतदेह सापडले. त्यातल्या तिघींच्या घरच्यांचा खटला आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये निकाल लागला. खून सरकारने केले असं न्यायालय म्हणालं नाही. मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन घरचे आले तेव्हा तुम्ही हलला नाहीत, नीट तपास केला नाहीत, म्हणून तुम्ही जबाबदार, असं ते म्हणालं.

एवढ्या लांबचं कशाला सांगतोय? कारण हेच आपल्या मिरजेच्या वाटेवर घडलं, आणि तिथेही प्रेतं मोजायची वेळ आली.

मिरज हे आपलं सीमेवरचं शहर. रेल्वेचं मोठं जंक्शन, सतारी-तंबोऱ्यांचं गाव, आणि मुख्य म्हणजे दवाखान्यांचं. १८९० च्या दशकात डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातला पेशंट इथे येतोय. म्हातारी कानडीत सांगते, डॉक्टर मराठीत विचारतात, आणि सगळं बरोबर कळतं. म्हणजे माणसाला इथे सीमा जाणवतच नाही. ती जाणवते फक्त सरकारी फायलीला. गुटखा नि दारू हे त्यातले सगळ्यांना ठाऊक असलेले प्रकार, ते आज बाजूला ठेवू.

मिरजेहून कागवाडकडे निघालं की म्हैसाळ लागतं. कागवाड कर्नाटकात. मार्च २०१७ च्या सुरुवातीला म्हैसाळच्या एका दवाखान्यात गर्भपात करताना एका विवाहितेचा मृत्यू झाला. तिला आधीच्या मुली होत्या. तक्रार झाली, पोलीस चौकशीला लागले, आणि गावालगतच्या ओढ्याकाठी जेसीबी लावून खणल्यावर पुरलेले १९ भ्रूण निघाले. दवाखाना चालवणारा डॉक्टर होमिओपॅथीचा. १९७१ च्या कायद्याने त्याला गर्भपात करायचा अधिकारच नव्हता.

आता हा धंदा चालायचा कसा, हे बघा. पोलिसांच्या तपासात जे पुढे आलं त्यात कागवाड आणि विजापूरचे डॉक्टर होते, दोन्ही राज्यांतले एजंट होते. सोनोग्राफी पलीकडे, गर्भपात अलीकडे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. तो भरलाच तर कर्नाटकात राहणार. गर्भपाताचं रजिस्टर ठेवलंच तर महाराष्ट्रात. दोन्ही कागद एकाच टेबलावर यायचे कधी? प्रत्येक भागाला कायद्याने नेमलेला समुचित प्राधिकारी असतो, पण त्याचा अधिकार त्याच्या हद्दीपुरता. दोन्ही बाजूंचे अधिकारी प्रामाणिक असले तरी अर्धीच गोष्ट दिसते. आणि एखादा प्रामाणिक नसेल, तर ‘ते आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य त्याला आयतंच मिळतं.

या दवाखान्याबद्दल आधीच्या वर्षीच तक्रार गेली होती. पथक येऊन तपासणीही झाली होती, आणि आक्षेपार्ह काही नाही असा अहवालही झाला होता. म्हणजे कागदोपत्री म्हैसाळ स्वच्छ होतं! भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाकीट येतं. आमच्या मते असा अहवाल हाही भ्रष्टाचारच, त्यात एक रुपया इकडचा तिकडे झाला नसला तरी. ह्वारेसचा निकाल आठवतो तो इथे.

पण सगळं अधिकाऱ्यांवर ढकलून चालणार नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? राज्यात ९१३, साताऱ्यात ८७८, सांगलीत ८५१. हे दुष्काळी, मागास जिल्हे म्हणून नव्हे हो. ऊस, साखर कारखाने, शाळा-कॉलेजं, सगळं असलेले. गिऱ्हाईक होतं म्हणून एजंट होता. साताऱ्यात तर नको असलेल्या मुलीचं नावच ‘नकुशी’ ठेवायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींचं नव्याने बारसं केलं. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकुशी’ म्हणून हाक ऐकणाऱ्या त्या पोरी स्वतःच्या पसंतीची नावं घेऊन घरी गेल्या.

साताऱ्यातूनच यावरचा एक उपायही निघाला. ॲड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने ‘लेक लाडकी अभियान’ चालवलं आणि बनावट गिऱ्हाईक पाठवायची पद्धत रुजवली. खरीखुरी गरोदर बाई, तिच्याबरोबर साक्षीदार, नंबर लिहून ठेवलेल्या नोटा. लिंगनिदानाचा गुन्हा बंद खोलीत होतो. सांगणारा, ऐकणारा दोघेही खूश, मग तक्रार करणार कोण? पलीकडचा डॉक्टर ‘पेढे घ्या’ किंवा ‘बर्फी घ्या’ एवढंच म्हणतो, लिहून काहीच देत नाही. म्हणून आतल्या बाईची साक्ष हाच पुरावा. पोटात बाळ असताना ती हे अंगावर घेते, आणि पुढे कोर्टाच्या तारखांना तान्हं मूल कडेवर घेऊन येते. अशा बायकांची नावं कुठे छापून येत नाहीत.

सीमेवर मात्र हे हत्यार अडखळतं. एजंट बाईला गाडीत घालून कागवाडकडे वळला की इकडच्या पथकाचा अधिकार संपला. तिकडच्या अधिकाऱ्याला आधी कळवायचं, त्याने आपलं पथक काढायचं, त्याच्या पोलीस ठाण्याला सांगायचं. जितक्या जास्त कानांवर बातमी जाते, तितकी ती फुटायची भीती. तोवर इकडे बाई गाडीत बसलेली असते.