कागद कापणारे यंत्र

दिवाळीचा आकाशकंदील, गणपतीचे मखर, मंडपातील पताका यांतील कागदाचे कोरीव काम सर्वांच्या परिचयाचे आहे. कात्रीने किंवा धारदार पात्याने एखादी नक्षी हाताने सुरेख कापता येते. परंतु तीच नक्षी शंभर वेळा जशीच्या तशी उतरविणे कुशल हातालाही कठीण जाते. अशा वेळी कागद कापणारे यंत्र उपयोगी पडते.

असे यंत्र घरोघरी घेणे परवडत नाही. म्हणून ते सामाईक कार्यशाळेत ठेवतात. पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करता करता शिकावे, हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र होते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे ‘फॅब लॅब’ ही कार्यशाळा सुरू झाली. संगणकाच्या आज्ञेने कापणारी यंत्रे अशा कार्यशाळांत असतात.

या यंत्राची रचना मोठी मौजेची आहे. त्यात एक बारीक पाते डावीउजवीकडे सरकते, तर कागद रुळांच्या योगाने पुढेमागे सरकतो. या दोन गतींचा मेळ बसला, की हवी ती वळणदार रेषा कापली जाते. पात्याचे टोक त्याच्या आसापासून किंचित बाजूला असते. त्यामुळे चाकांच्या खुर्चीचे पुढचे चाक जसे जाण्याच्या दिशेला आपोआप वळते, तसेच पातेही वळते. दाब कमी पडला, तर कागद कापला जात नाही. अधिक झाला, तर तो फाटतो. म्हणून प्रथम कोपऱ्यात लहानसा चौकोन कापून पाहतात.

काही यंत्रे पात्याऐवजी लेसर किरणांनी कापतात. त्या उष्णतेने कागद पेट घेऊ शकतो. म्हणून चालू यंत्र सोडून क्षणभरही दूर जाऊ नये.

यंत्र अचूक असले, तरी त्याला अक्षरओळख नसते. समजा, हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीच्या एखाद्या शाळेला आपल्या गावाचे नाव सोनेरी कागदातून कापावयाचे आहे. ‘कळमनुरी’ हा शब्द अखंड निघेल, कारण शिरोरेषा सर्व अक्षरांना धरून ठेवते. पण तेच नाव भिंतीवर रंगविण्यासाठी कागदाचा छाप करावयाचा झाला, तर अक्षरांच्या जागी भोके पडतात. मग ‘क’ आणि ‘म’ यांच्या पोटातील तुकडे गळून पडतात व अक्षरे विद्रूप होतात. ते टाळण्यासाठी अक्षराच्या रेषेत मध्येच कागदाचा बारीक दुवा राखावा लागतो. तो कोठे राखावा, हे यंत्र सांगत नाही. ते आकृती काढणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

कापण्याचे श्रम यंत्राने वाचविले, तरी विचाराचे श्रम माणसाकडेच राहतात. ते करावयास शिकणे, हाच कार्यशाळेतील खरा धडा होय.

प्रश्न
१. पाते आपोआप कसे वळते?
२. ‘कळमनुरी’ हा शब्द अखंड का निघतो?
३. आपले नाव कागदावर लिहून छापासाठी दुवे कोठे राखावे लागतील, ते दाखवा.