पाकिटातला नाताळ

डिसेंबर अर्धा सरला की माजिवड्याच्या वाण्याकडे केक मिक्सची पाकिटं पुढच्या फळीवर येतात. रवा-मैद्याला खेटून व्हॅनिला, चॉकलेट, आणि हिरव्या ठिपक्याचं बिनअंड्याचं. स्टेशनवरून गर्दीत उभ्यानं बस धरून घरी परतणाऱ्या आम्हा बायकांपैकी एखादी तरी तिथे थबकतेच. मुलांच्या शाळेत नाताळची पार्टी असते, डबा न्यायचा असतो. पाकीट पिशवीत टाकताना मात्र चेहरा थोडा ओशाळतो. ‘पीठ तयार, मग यात तुझं काय?’ असं कुणी विचारत नाही, तरी ऐकू येतं.

हा ओशाळेपणा पाकिटाइतकाच जुना आहे म्हणे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या डफ या काकवी विकणाऱ्या कंपनीनं अशा मिश्रणाचं पेटंट १९३३ साली घेतलं. बायकांना अपराधी वाटू नये म्हणून पुढे १९५० च्या दशकात ‘अंडं तुम्ही घाला’ अशी युक्ती एका मानसशास्त्रज्ञानं काढली, ही गोष्ट फार सांगितली जाते. पण ताजं अंडं घरच्या बाईनंच घालावं, हे डफनं १९३५ च्या दुसऱ्या पेटंटातच मांडलं होतं. म्हणजे आपल्या मनातलं ओझं कंपन्यांना आपल्याआधी कळलं होतं!

आणि आपल्याकडे तरी सगळं घरीच होत होतं का? नानकटाई आठवा. मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत भरून बेकरीत नेऊन द्यायची, भट्टी त्यांची, भाजणारे हात त्यांचे. पत्र्याचा डबा मात्र ‘घरची नानकटाई’ म्हणून दिवाळीत ऐटीत फिरायचा. कुणी नाक मुरडलं नाही.

आमच्या मजल्यावर एक ईस्ट इंडियन आंटी राहतात. ठाण्याचा नाताळ काही मॉलबरोबर आलेला नाही, बरं का. पोर्तुगीजांनी १७३७ साली ठाणं गमावलं, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली इथली माणसं इथेच राहिली, मराठीच बोलत राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं. आंटींच्या नाताळच्या ताटात नेवऱ्या, कुलकुल, खजुराचे रोल, रवा-नारळाचा थाळी स्वीट. नेवरी म्हणजे करंजीची सख्खी बहीण, कुलकुल शंकरपाळ्यांची चुलत. आमचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे, त्यांचं ताट आमच्याकडे, असं वर्षानुवर्षं चालत आलं.

मागच्या वर्षी ताट आलं नाही. आंटींचा उजवा हात कामातून गेलेला, सून रात्री नऊला घरी येणार. फराळाचा डबा परत देताना त्यांनी त्यात साखर घालून दिली, रिकामा द्यायचा नाही म्हणून. ती साखर बघून मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आता ताट आपल्याकडून जाऊ दे.

जमवलं ते असं. अडीचशे ग्रॅम व्हॅनिला मिक्स चाळून घेतलं. त्यात साठ ग्रॅम मऊ लोणी, दोन चमचे तांदळाची पिठी, जायफळ, बारीक चिरलेला खजूर, टूटी-फ्रूटी. पोहे खायच्या चमच्यानं दूध घालायचं, जेमतेम तीन-चार चमचे, तेही एकेक. केकसारखं ओतू नका, गोळा वळला पाहिजे. साखर आणि बेकिंग पावडर पाकिटात असतेच, वरून घालायची नाही. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. मग सुपारीएवढ्या गोळ्या करून पिठीसाखरेत घोळवायच्या आणि ऐसपैस अंतरावर ठेवायच्या, कारण त्या पसरतात. १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं. कडा धरल्या आणि मधे बोट रुतलं तरी बाहेर काढा, ट्रेवरच घट्ट होतात. इथे धीर सुटला की खापऱ्या हाती येतात. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ तापवून, वर जाळी आणि ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर. वेळ थोडा जास्त लागतो.

खरं सांगायचं तर ही कुकी नानकटाईसारखी खुसखुशीत होत नाही. मिश्रण केकसाठी बनवलेलं, त्याचा स्वभाव मऊ. तांदळाच्या पिठीनं थोडा फरक पडतो, इतकंच. पैशाचा हिशेब केला तर मैदा-साखर घरी मिसळणं स्वस्त. पाकिटात आपण मोजण्याची मेहनत विकत घेतो, आणि रात्री आठनंतर ती मला स्वस्तच वाटते.

मजल्यावरच्या चार पोरांनी गोळ्या वळल्या, तीनेक डझन निघाल्या. आंटींनी एक खाल्ली, दुसरी घेतली. म्हणाल्या, “बिस्कीट चांगलं हाय गो. पन कुलकुल नाय, त्याला ताट कसा बोलायचा?” मी म्हटलं, “आंटी, तुम्ही सांगा, हात आमचे.” त्या काही बोलल्या नाहीत. सुनेनं मात्र आतून वही आणून दिली.

यंदा नाताळच्या आधीचा रविवार ठरलाय. मैदा, नारळाचं दूध आणि अंडी सून आणणार. सासूबाईंसाठी बिनअंड्याचा घाणा वेगळा, आंटींनीच सुचवलं. पोरांना निरोप गेलाय, येताना आपापला काटा घेऊन या, कुलकुल काट्याच्या पाठीवरच वळतात. पाकीटही आणून ठेवलंय, कारण चार पोरं कुलकुल वळण्यात किती वेळ टिकतील, याची खात्री कुणालाच नाही.