घरचे ध्वनिमुद्रण: स्वतंत्र यंत्र की संगणक?

ज्या पुणेकर कुटुंबांत एक पिढी भारत गायन समाजात किंवा गांधर्व महाविद्यालयात गाणे शिकली आणि पुढची पिढी हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत नोकरीस लागली, अशा कुटुंबांत गेली पंचवीसेक वर्षे एक वाद अधूनमधून निघतो. घरी गाणे मुद्रित करावयाचे झाल्यास त्यासाठी हार्ड डिस्क असलेला स्वतंत्र रेकॉर्डर घ्यावा, की घरात आहे त्याच संगणकात सॉफ्टवेअर बसवून काम भागवावे, असा तो वाद आहे. बाजाराने त्याचा फैसला संगणकाच्या बाजूने केव्हाच देऊन टाकला. परंतु बाजार पाहतो तो किंमत आणि सोय. गाणाऱ्याची कैफियत त्याच्या दफ्तरी दाखल होत नाही. ती ऐकून घेतल्यावर आमचे तरी मत असे झाले आहे की, प्रत्यक्ष मुद्रणाचे काम यंत्रच अधिक शहाणपणाने करीत असे, आणि संगणक जिंकला तो मुद्रणानंतरच्या कामात.

या शहराला आवाज जपून ठेवण्याची ओढ का असावी, याचे एक कारण इतिहासात आहे. १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गायकीचे वर्णन जुन्या रसिकांनी परोपरीने केले असले, तरी त्यांच्या गळ्याची एकही तबकडी आज कोणाच्या हाती नाही. जे आहे ते शिष्यांच्या गळ्यांतून आणि आठवणींतून. तबकड्या निघाल्या त्यांचीही गत फारशी निराळी नव्हती, कारण तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे आणि तेवढ्यात स्थायी, अंतरा आणि चार ताना बसवण्याची कसरत गायकाला करावी लागे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली, तेव्हा विष्णुपंत दामल्यांसारखा कसबी माणूस ध्वनिविभाग सांभाळीत होता. त्याच आवारात १९६० पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तेथे ध्वनिमुद्रणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते. १९५५ सालच्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने गीतरामायणाची ५६ गीते वर्षभर दर आठवड्यास एक या क्रमाने सादर केली. गदिमांचे गीत हाती यावयाचे, सुधीर फडक्यांनी त्याला चाल लावावयाची, वादकांनी ती बसवावयाची आणि सर्वांनी एकत्र बसून एकजीव गावयाचे-वाजवावयाचे, हा परिपाठ ज्यांनी पाहिला, त्यांना एकेक वाद्य निरनिराळ्या वेळी मुद्रित करून मागाहून जुळवण्याची कल्पना विचित्रच वाटली असती.

ध्वनिमुद्रण घरात शिरले ते स्पूलच्या टेपरेकॉर्डरबरोबर. खाजगी बैठकीत गायकाच्या डाव्या हाताला एखादा मायक्रोफोन आणि भिंतीशी फिरणारी दोन चक्रे, हे दृश्य पेठांतल्या वाड्यांना अपरिचित नव्हते. पुढे कॅसेटचा काळ आला, तेव्हा अलूरकर म्युझिक हाउससारख्या पुण्यातल्याच प्रकाशनसंस्थेने अभिजात गायनाच्या कॅसेट काढून हौशी माणसाच्या कानाला पुष्कळ चांगले वळण लावले.

टास्कॅम कंपनीचा पोर्टास्टुडिओ १९७९ साली निघाला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक निरनिराळे मुद्रित करता येऊ लागले. १९९१ साली अलेसिसने व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक अंकरूपाने नोंदवणारा अडॅट जाहीर केला, आणि १९९६ साली रोलँडने व्हीएस-८८० काढून फीत अजिबातच हद्दपार केली. आठ ट्रॅक, मिक्सर, आवाजावर घुमारा चढवण्याची सोय आणि हार्ड डिस्क हे सारे एका माणसाला काखेत मारून नेता येईल अशा पेटीत सामावले. कॉर्ग, यामाहा, फॉस्टेक्स, बॉस या कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला, आणि २००१ साली अलेसिसचा एचडी-२४ चोवीस ट्रॅक घेऊन आला. या यंत्रांची धारणशक्ती आज हास्यास्पद वाटते. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट या मानाने एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा घेतो, म्हणजे आकुंचन न करता आठही ट्रॅक चालू ठेवले तर १ गिगाबाइट जागा अवघ्या २३ मिनिटांत संपते. एवढ्यात बडा ख्याल जेमतेम आलापीच्या उत्तरार्धात पोचावयाचा. परंतु घरगुती बैठकीला आठ ट्रॅक लागतात कोठे? गायकाला एक, हार्मोनियमला एक, तबला आणि डग्गा यांना दोन, आणि तंबोऱ्याला फार तर एक.

या यंत्राशी व्यवहार कसा असे, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. पेटीच्या दर्शनी भागावर प्रत्येक ट्रॅकला एक सरकती पट्टी आणि तिच्या खाली एक बटण. बटण दाबले की ते तांबडे लुकलुकू लागे, आणि मग रेकॉर्ड व प्ले ही दोन बटणे एकदम दाबली की लुकलुक थांबून दिवा स्थिर होई. काडेपेटीएवढ्या पडद्यावर मिनिटे आणि सेकंद पुढे सरकत. याखेरीज पाहण्यासारखे काहीच नसे, आणि आमच्या मते हाच त्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण होता. अंतऱ्यातला एखादा शब्द बिघडला, तर साथीचे मागील आवर्तन कानातल्या फोनमध्ये ऐकत ऐकत गायकाने त्या शब्दापाशी यावे आणि दुसऱ्याने पायाखालचे पेडल नेमके दाबून तेवढाच तुकडा नव्याने घ्यावा, अशी सोय होती. पण पेडल क्षणभर उशिरा पडले तर जुना श्वास आणि नवा शब्द यांचा सांधा कानाला टोचे, आणि दोनचार वेळा ही फजिती झाली की गायक आपण होऊन म्हणे, त्यापेक्षा सगळा अंतराच पुन्हा गातो. तो सगळा अंतरा बहुधा पहिल्यापेक्षा चांगला येत असे.

पुण्यात ही यंत्रे मुख्यतः परदेशाहून येणाऱ्या आप्तांच्या सामानातून आली, आणि येताना आपले व्याप घेऊनच आली. अमेरिकेत घेतलेल्या पेटीचा अडॅप्टर तिकडच्या ११० ते १२० व्होल्टचा असल्यामुळे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणणे हा पहिला संस्कार ठरलेला. दुसरा व्याप विजेचा. २००५च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर झाला. अशा वेळी संगणक तर बंद पडेच, परंतु पुष्कळशा पेट्यांचा दोष असा होता की गाणे रीतसर ‘सेव्ह’ होण्यापूर्वी वीज गेली, तर झालेले मुद्रण हाती लागण्याची शाश्वती नसे. २००९ साली झूम कंपनीचा आर-१६ निघाला, तो हार्ड डिस्कऐवजी एसडी कार्डावर मुद्रण करी आणि सहा पेन्सिल सेलवर चाले. शिवाय तारेने जोडला की तोच संगणकाचे साउंड कार्ड होई. या वादात ज्याला तडजोडीचा मान द्यावा असे यंत्र तेच. त्याचे व्हावे तितके कौतुक झाले नाही.

संगणकाच्या पक्षाची बाजूही साधार मांडली पाहिजे. स्टाइनबर्गचे क्यूबेस १९८९ साली अटारी संगणकावर आले, १९९१ साली प्रो टूल्स निघाले, आणि १९९६-९७ या दोन वर्षांत स्टाइनबर्गनेच व्हीएसटी व आसिओ या दोन पद्धती प्रचारात आणल्या. पहिलीमुळे घुमारा, इको वगैरे यंत्रांची कामे सॉफ्टवेअरच करू लागले. दुसरीमुळे आवाज आत जाऊन परत कानी पडण्यास लागणारा विलंब आटोक्यात आला. हा विलंब म्हणजे घरगुती संगणकाचे मूळ दुखणे. संगणकाने एका वेळी १,०२४ नमुने हातात घेऊन मग काम करावयाचे ठरवले, तर ४४.१ किलोहर्ट्झला एका खेपेस २३ मिलिसेकंद जातात, म्हणजे तबलजी गायकापासून आठ मीटर दूर बसल्यासारखे होते. जाऊन-येऊन हिशेब दुप्पट. २५६ नमुन्यांवर तो तबलजी दोन मीटरांवर येतो आणि बैठक जमते, पण मग दुबळा संगणक मध्येच खरखरू लागतो. पेटीवाल्या यंत्रात हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण तिला दुसरे काही कामच नव्हते.

तरीही आमचा खरा आक्षेप विलंबावर नाही. विलंब पैशाने मिटतो आणि आज मिटलेलाही आहे. आक्षेप आहे तो सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आखलेल्या चौकटींवर. संगणक उघडताच पडदा सारख्या अंतराच्या उभ्या रेघांनी भरतो, आणि गाणाऱ्याने आपली लय त्या रेघांना बांधून द्यावी अशी मूक अपेक्षा असते. तीनतालाच्या १६ मात्रा तेथे सुखाने बसतात, झपतालाच्या १० ही बसवता येतात. परंतु विलंबित एकतालात गायक आवर्तनागणिक लय कळत-नकळत वाढवीत नेतो, तेव्हा रेघा एकीकडे आणि सम दुसरीकडे, असा प्रकार होतो. रेघा पुसून टाकता येतात, हे खरे. पण शंभरात नव्वद माणसे त्या पुसत नाहीत, तर ठोक्याच्या टिकटिकीवर गातात. पेटी मिनिटे-सेकंद मोजी, म्हणून ती तालाच्या भानगडीत कधी पडली नाही.

स्वरांच्या बाबतीत याहून मोठा प्रमाद घडतो. १९९७ साली ऑटोट्यून निघाले आणि बेसूर गळा ओढून सुरात बसवण्याची सोय झाली. हे सॉफ्टवेअर नेहमीच्या रीतीने लावले, तर ते सप्तकाच्या बारा सारख्या पायऱ्या प्रमाण मानते. मग दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार त्याला दोषच वाटतो आणि ते त्याला इस्त्री मारून सपाट करते. हार्मोनियमच्या अशाच स्थिर सुरांपायी आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके हार्मोनियमवर बंदी घातली होती. त्या बंदीचे समर्थन आम्ही करणार नाही, पण निदान त्या वादात गायकाचा गळा तरी मोकळा होता.

इतके असूनही संगणक का जिंकला? जिंकला, कारण पुण्यातल्या घरगुती मुद्रणाचा फार मोठा भाग ख्यालाचा नसून भावगीतांचा, बालगीतांचा, गणपतीच्या आरत्यांचा आणि जाहिरातींच्या चालींचा आहे, आणि तेथे जोडकाम, कातरकाम आणि देवघेव यांवरच सारे अवलंबून असते. एकच कडवे पाच वेळा गाऊन त्यांतला चांगला चांगला शब्द वेचून एक कडवे सिद्ध करणे पेटीवरही शक्य होते. परंतु काडेपेटीएवढ्या पडद्यावर ते करणे म्हणजे किल्लीच्या भोकातून बागेची निगा राखण्यासारखे होते. चाल कोथरुडात लागावी, गाणे डॅलसच्या मराठी मंडळातल्या एखाद्या भगिनीने गावे आणि मिक्सिंग अंधेरीत व्हावे, हा व्यवहार संगणकानेच सुकर केला. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत जो तो आपापल्या घरात बसून मुद्रण करू लागला, तेव्हा तर पेटीची बाजू घेणारा कोणी उरलाच नाही. शिवाय ऑडॅसिटी फुकट मिळते, आणि रीपरचा व्यक्तिगत परवाना ६० डॉलरला. संगणक तर आयटीवाल्या घरात आधीच होता. जमाखर्च मांडला की यंत्राचा खर्च अनाठायी दिसे.

एका गोष्टीत मात्र दोन्ही पक्ष सारखेच निरुपाय आहेत, आणि ती म्हणजे खोली. गुळगुळीत फरशी, उघडी भिंत आणि काचेच्या खिडक्या असलेल्या फ्लॅटमध्ये आवाज टणाटण परततो, आणि हजारो रुपयांचा कंडेन्सर मायक्रोफोन तो परतलेला आवाजही इमानाने टिपतो. दोऱ्यांवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या येथे महाग सॉफ्टवेअरहून अधिक उपयोगी पडतात. श्रावणापासून नदीकाठी ढोलताशा पथकांचा सराव चालू होतो, तेव्हा डेक्कन-नारायण पेठेच्या पट्ट्यात संध्याकाळी मुद्रण करण्याचा नाद सोडून द्यावा आणि पहाटे उठावे, हेच बरे. संगणकाच्या पंख्याची घरघर ही आणखी एक भर. तो कपाटात कोंडला तर तापतो, बाहेर ठेवला तर तंबोऱ्याच्या मागे बारीक वाऱ्यासारखा ऐकू येतो.

आता राहिला तो जपणुकीचा मामला, आणि तो सर्वांत निकडीचा आहे. एचडी-२४ आपल्या चकतीवर स्वतःच्या खास पद्धतीने मजकूर लिहीत असे, त्यामुळे ती चकती काढून संगणकाला जोडली तर संगणकाला ती कोरी वाटते. व्हीएस-८८०चीही तऱ्हा तीच. ज्यांच्या माळ्यावर अशा पेट्या पडून आहेत त्यांनी त्या चालू आहेत तोवर एकेक ट्रॅक वाजवून साध्या डब्ल्यूएव्ही फाइलींत उतरवून घ्यावा. संगणकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की जुना प्रोजेक्ट उघडतो खरा, पण त्यातला अमुक घुमारा सापडत नाही, तमुक वाद्य गायब झालेले असते. म्हणून प्रत्येक ट्रॅक आरंभापासून अखेरपर्यंत सलग, कोणताही संस्कार न करता, निराळा काढून ठेवावा आणि फाइलीच्या नावात राग, ताल, पट्टी, साथीदार आणि तारीख लिहावी. स्पूलच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर जुनी माणसे एवढा तपशील पेन्सिलीने लिहीत. आज ‘न्यू प्रोजेक्ट फायनल २’ असे नाव दिलेल्या फाइलीत कोणाच्या आजीचा काळी चारचा भीमपलास आहे, हे तिच्या नातवालाही उघडल्यावाचून कळत नाही.