अर्ध्यावर सोडलेलं पिवळं मडकं

मडकं उलटं धरून पिवळ्या रंगात बुचकळलं आणि पोटापर्यंत आल्यावर कंटाळून बाहेर काढलं, असं वाटावं अशी ही मडकी. वरचा भाग पिवळा नाहीतर हिरवा, चकचकीत. खाली नुसती भाजलेली तांबूस माती. गळ्याशी दोन कान. एकोणिसाव्या शतकातली नैऋत्य फ्रान्सची ही मडकी हौशी लोक आता दिवाणखान्यात मांडतात, तीही भरपूर पैसे मोजून!

मुळात ती होती बदकं ठेवायला. जिवंत नव्हे हं! तिथल्या गॅस्कनी भागात थंडीच्या दिवसांत पोसलेली बदकं कापत. फ्रिज तर नव्हताच. मग मांसाला मीठ चोळायचं, बदकाच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं, मडक्यात भरायचं आणि वरून गरम चरबी ओतायची. गार झाली की ती थिजून घट्ट बसायची. आपल्या लोणच्यावर तेलाचा थर असतो ना, त्याचंच काम ती करायची : हवेला आत येऊ द्यायचं नाही. थंड तळघरात हे मांस महिनोन्‌महिने टिके. त्याला म्हणतात कॉन्फी.

आता अडचण बघा. भाजलेल्या मातीत बारीक बारीक छिद्रं असतात. साध्या लाल कुंडीवर पाण्याचा थेंब टाका, बघता बघता आत जिरेल. पातळ चरबीही अशीच जिरेल. म्हणून कुंभार मडक्याला आतून काचेचा थर देत. त्याला ग्लेझ म्हणतात. काच बनते वाळूतल्या सिलिकापासून. पण ते वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि तेवढ्या आचेत मडकंच बसकण मारेल! त्यावर कुंभारांची युक्ती होती शिसं. ते मिसळलं की सिलिका १००० अंशांच्या आसपाससुद्धा वितळून काच होतं. त्यात थोडं लोखंड असलं तर रंग पिवळा, तांबं असलं तर हिरवा.

मग बाहेरून अर्ध्यावरच का थांबले? ग्लेझ महाग, हे एक कारण. चरबी भरताना ओघळणार ती वरच्या बाजूला. तिथे चकचकीत थर असला की पुसून मोकळं. मडक्याचा खालचा भाग तळघरातल्या गार मातीत पुरून ठेवत, असंही सांगतात. मग जे दिसणारच नाही त्यावर खर्च कोण करणार? पण मला सगळ्यात आवडतं ते भट्टीतलं कारण. वितळलेली काच म्हणजे जबरदस्त गोंद. बुडाला ग्लेझ लावलं असतं, तर मडकं भट्टीच्या फरशीला चिकटून बसलं असतं! म्हणून बूड कोरंच हवं.

पण हेच शिसं विषारी असतं, आणि आंबट पदार्थात ते हळूहळू उतरतं. म्हणून या जुन्या मडक्यांत आता खायचं काही ठेवायचं नाही. फुलं ठेवायची? तिथेही गंमत आहे. गार होताना काच मातीपेक्षा जास्त आकसली, तर तिला केसासारख्या बारीक भेगा पडतात. पाणी भेगांतून मातीत शिरतं, कोऱ्या बुडातून झिरपतं आणि टेबलावर ओलं वर्तुळ उमटतं. त्यामुळे शहाणे लोक आत काचेचा पेला ठेवतात आणि पाणी त्यातच घालतात.